आप्पा वाळायलेत

माजलगावात खोली भाड्यानं घेतली, त्या पहिल्याच दिवशी माझ्या खाटेवर एक म्हातारी बाई झोपलेली होती. कपाळावर आठी, डोळे टक्क उघडे अन् वर फिरणाऱ्या पंख्याकडं लागलेले. माझ्या हातातली बॅग खाली पडली. मी ओरडणारच होते. तेवढ्यात मागून घरमालक जिना चढून आले आणि शांतपणे म्हणाले, "दार हळू लावा. बाई ओल्या हायत."

ते तैलचित्र होतं. गादीवर उताणं ठेवलेलं, खऱ्या माणसाएवढ्या चेहऱ्याचं. खालच्या घरातला पंखा बिघडला म्हणून त्यांनी ते माझ्या खोलीत आणून ठेवलं होतं. मला विचारायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी म्हटलं, मग मी झोपू कुठं? तर म्हणाले, "खाली टाका की सतरंजी. तुमाला उकडलं तर तुमी उठून खिडकी उघडताल. त्यांना उठता येतंय का?" मी सतरंजी टाकली.

हे आमचे मास्तर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकटे. गेलेल्या माणसाचं चित्र काढून देणं हा त्यांचा उद्योग. आमच्या लोकांत माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. टेबलावर गेलेल्याचं चित्र ठेवायचं, भंतेजी वंदना घेणार, मग एकेकानं फूल वाहायचं. हल्ली दुकानात तासाभरात फोटो मोठा करून मिळतो. तरी आसपासच्या खेड्यांतली जुनी माणसं हटून बसायची, की मास्तरच्या हातचंच चित्र पाहिजे. अन् मास्तरांचा एकच हट्ट, ओलं चित्र कुणाच्या हातात द्यायचं नाही.

आता तैलरंग वाळायला किती वेळ लागतो हे मला कुठं ठाऊक होतं. भिंतीचा रंग वाळतो तसा वाळत असेल, असं वाटायचं. त्या घरात राहून कळलं, की या माणसाचं सगळं आयुष्य रंग लवकर वाळवण्याच्या मागं लागलंय. गच्चीवर एका ताटात जवसाचं तेल ओतून, वर काच ठेवून ते उन्हात मुरवत ठेवायचे. तेल काकवीसारखं दाट झालं की खूश. असलं तेल लवकर धरतं म्हणे. पहिला हात टर्पेंटाइन घालून अगदी पाण्यासारखा पातळ द्यायचे. जाड रंग थापणाऱ्याला ते चित्रकारच मानत नसत. "वरून साय धरती अन् आत कच्चं राहतंय," म्हणायचे. नळीतला काळा रंग वाळायला जीव खातो, म्हणून घरात काळ्याची नळीच नव्हती. बायकांचे केस रंगवायचे ते निळ्यात तपकिरी कालवून. अन् चित्र वाळलं का हे बघायला बोट लावत नसत. नाक लावायचे. वास मेला, की चित्र वाळलं.

हे सगळं ठीक. पण त्यापायी आमचे हाल विचारू नका. दुपारी झाडायचं नाही, धूळ उडते. कूकर लावायचा नाही, वाफ होते. फोडणी तर अजिबात नाही, तेलाचा धूर जाऊन मेलेल्या माणसाच्या तोंडावर बसतो. मी एकदा चिडून विचारलं, मग खायचं काय? तर म्हणाले, "भाकरी करा. भाकरी कोरडी अस्ती." लाईट गेली की इन्व्हर्टरवर एकच पंखा चालायचा, तो चित्राचा. मास्तर स्वतः ओट्यावर पुठ्ठ्यानं वारं घेत बसलेले असायचे.

आणखी एक खोड सांगते, जिच्यामुळं मी पहिल्या महिन्यातच खोली सोडणार होते. माणूस बोलायला लागला, की हे एक डोळा मिटायचे. मी एकटी बाई, धरणाच्या ऑफिसात नवीन लागलेली, गावात ओळखपाळख नाही, अन् हा म्हातारा रोज जिन्याखाली उभा राहून मला डोळा मारतोय. माझ्या अंगाची आग झाली. शेजारच्या काकूंना जाऊन सांगितलं, की मला दुसरी खोली बघून द्या, हा माणूस बरा नाही. काकू पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अगं, ते माझ्या सासूलाबी तसंच बघायचे. त्यांना एका डोळ्यानं तोंडाचं माप कळतंय म्हनं." तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. काकूंची सासू तोवर गेलेली होती अन् तिचं चित्र त्यांच्या भिंतीवर होतं, हे मी पाहिलं होतं. पण त्या दोन गोष्टी जोडून बघायचं काही डोक्यात आलं नाही.

माझे वडील महिन्याकाठी एकदा मला भेटायला यायचे. आप्पा. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाल्यावर लिंबागणेशजवळ आमच्या गावी राहायचे. आई मी शाळेत असतानाच गेली. माझी वेणी घालण्यापासून नोकरीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापर्यंत सगळं आप्पांनीच केलं. त्यांच्याशिवाय मला दुसरं कुणी नाही. ते आले, की आधी मास्तरांजवळ ओट्यावर बसायचे. "जयभीम मास्तर," "जयभीम आप्पा," मग चहा. आप्पा बडबडे, एसटीतले किस्से सांगत सुटायचे. मास्तर ऐकायचे कमी अन् बघायचे जास्त, एक डोळा मिटून.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले, तर मास्तर ओट्यावर तोंड पाडून बसलेले. मला बघून म्हणाले, "आप्पा वाळायलेत."

आमच्याकडं वाळणं हे कपड्याचंही असतं, मिरचीचंही अन् माणसाचंही. माणूस खंगला, की लई वाळला म्हणतात. मला वाटलं, काळजीनं म्हणतायत. मी म्हटलं, "वय झालंय मास्तर, वाळणारच."

"न्हाई, पर लई टाईम घ्यायलेत," ते म्हणाले. "आतापोवतर वाळाय पाहिजे होते."

मी तिथंच थबकले. "म्हणजे?"

"म्हंजे वरून वाळल्यागत वाटतेत, पर आतून न्हाई."

मी काय ऐकतेय तेच मला कळेना. ज्या माणसाच्या मांडीला मांडी लावून चहा पितो, तो वाळत नाही म्हणून हा म्हातारा हळहळतोय? मी ताडकन् म्हणाले, "तुमचं काय वाकडं केलंय हो माझ्या बापानं?" अन् जिना चढून वर गेले. त्यानंतर त्यांच्याशी बोलणं सोडलं. समोरून आले, तर मी दुसरीकडं तोंड करायची. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

पुढं पाऊस लागला. पावसाळा म्हणजे मास्तरांचा वैरी. हवा ओली, रंग ओला. त्यासाठी त्यांनी एका लोखंडी कपाटाचे खण काढून टाकले होते, आत बल्ब लावला होता अन् वर-खाली भोकं पाडली होती. त्या उबेत चित्र उभं करून ठेवायचे. त्या दिवशी मास्तर कुणाच्या तरी पुण्यानुमोदनाला पाटोद्याला गेले होते. खालून जळका वास यायला लागला. मी धावत उतरले. कपाटातून वायरीचा धूर येत होता. बटण बंद केलं अन् आत काही पेटलं नाही ना, म्हणून कपाट उघडलं.

आत आप्पा होते.

खोटं वाटेल, पण आधी मला चित्र दिसलंच नाही, माणूसच दिसला. डोक्यावरची टोपी, उजव्या भुवईवरची जुनी खोक, किस्सा सांगायला सुरुवात करताना ओठ एका बाजूला जायचे ते तसेच. अन् या घरात कुणाची चित्रं निघतात, हे मला चांगलंच ठाऊक होतं. पहिल्यांदा गावाकडं फोन लावला. आप्पांनी उचलला. "काय गं, ह्या टायमाला?" म्हणाले. मी म्हटलं, काही नाही, असाच. त्यांचा आवाज ऐकून मला रडू फुटलं. मग रडू थांबलं आणि जो संताप आला, तो आजवर कधी आला नव्हता.

मास्तर आले, तेव्हा मी ओट्यावरच उभी होते. "माझा बाप जिवंत आहे," मी म्हटलं. "कुणाला विचारून त्यांचं चित्र काढलं तुम्ही?"

मास्तरांनी छत्री मिटली, भिंतीला टेकवून ठेवली. त्यांना माझ्या बोलण्यातलं काही वावगं वाटलेलंच नव्हतं. "मंग मेल्यावर बसतेल का माझ्यापुढं?" ते म्हणाले.

"तुम्ही त्यांच्या मरणाची वाट बघताय."

"न्हाई ओ बाई. मी रंगाची वाट बगतोय. मानसाला जायला टाईम लागत न्हाई, रंगाला वाळायला लागतोय. कार्यक्रम चार दिसावर अन् चित्र ओलं, मंग काय करायचं?"

अन् मग त्यांनी त्यांच्या आईचं सांगितलं. तरुणपणी, आई गेल्यावर, मोठ्या हौसेनं त्यांनी तिचं तैलचित्र काढलं. ते पहिलंच. जाड रंग थापलेले, वरून कोरडं दिसत होतं. पुण्यानुमोदनाला त्यांची मावशी आली. बहिणीला बघून तिला राहवलं नाही. दोन्ही हातांनी तिनं चित्रातल्या तोंडावरून हात फिरवले, कानशिलांवर बोटं मोडली, माया केली. "अन् आईचं तोंड मावशीच्या हाताला आलं," मास्तर म्हणाले. "तिनं त्याच हातानं डोळे पुसले. माझी आई मावशीच्या तोंडभर. सगळी मान्सं बगायलेली. भंतेजीबी गप झाले." त्यानंतर त्यांनी ठरवून टाकलं. ज्याच्या तोंडावर खूण दिसली, त्याचं चित्र आधीच घ्यायचं. गुपचूप. शेजारच्या काकूंच्या सासूचंही तसंच झालं होतं. घरच्यांना वाटलं, मास्तरांनी रातोरात काढून दिलं.

"कसली खूण?" मी विचारलं.

त्यांनी मला हाताला धरून आत नेलं अन् आप्पांचं चित्र खिडकीजवळ ठेवलं. "नीट बगा. हा गाल. दर बारीला आप्पा येऊन गेले, की मला हा गाल खरडून आत घ्यावा लागतोय. गळ्याची हाडं पैले काढलीच नव्हती. दिसतच नव्हती तवा. आता बगा. मी रंग लावतो, तो धरायला लागतो, अन् आप्पा पुन्हा येतेत ते बदलूनच येतेत. मंग पुन्हा ओला रंग. कसं वाळंल चित्र? मानूसच वाळायलाय."

मी बघत राहिले. खरवडलेल्या गालाखाली जुना, भरलेला गाल पुसट दिसत होता. तेव्हा मला एकदम आप्पांच्या शर्टाची कॉलर आठवली. मागच्या खेपेला त्यात मान हलत होती. मी विचारलं, तर म्हणाले होते, शर्ट सैल शिवलाय शिंप्यानं.

"तुम्ही हे मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की," मास्तर खरोखरच बुचकळ्यात पडून म्हणाले. "ओट्यावर. आप्पा वाळायलेत म्हणलो. तुमीच चिडून वर गेलत्या."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी गावी गेले. आप्पांना न सांगताच गेले होते, म्हणून कळलं. दारात पोचायच्या आधीच खोकला ऐकू आला. माझ्याकडं यायच्या दिवशी ते खोकल्याचं औषध पिऊन यायचे, हे मग बाहेर पडलं. पट्ट्याला खिळ्यानं नवी भोकं पाडलेली. त्यांना तशाच कपड्यांवर बीडला दवाखान्यात घेऊन गेले. छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरून बघितला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, टीबी आहे, खूप पसरलाय, आणखी उशीर केला असता तर हातात काही राहिलं नसतं. आता गोळ्या नेमानं घेतल्या तर बरे होतील. आप्पा बाकावरून माझ्याकडं बघत होते, चोरी पकडल्यासारखे. "गावात कळलं तर लोकं च्या प्यायला येईनात, म्हणून बोललो न्हाई," म्हणाले.

त्यांना मी माजलगावला माझ्या खोलीत आणलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अंडी द्या, डाळ द्या, चांगलंचुंगलं खाऊ घाला. आता फोडणी अन् कूकर बंद असलेल्या घरात चांगलंचुंगलं करणार कसं, या विचारात मी पहिल्या दिवशी भाकरीच थापत बसले होते. तर खालून मास्तरांची हाक. "कूकर कावून वाजंना?" मी म्हटलं, चित्रं आहेत ना खाली. "चित्रं गेली उडत. शिट्ट्या होऊ द्या." अन् खरंच, त्या पावसाळ्यात त्यांची दोन चित्रं वाफेनं खराब झाली. एकावर तर पांढरी बुरशी धरली. त्यांनी ती पुसून पुन्हा काढली अन् मला चकार शब्द बोलले नाहीत.

आप्पांना चित्राचं सांगायचं नाही, असं मी बजावलं होतं. आम्ही शकुन-अपशकुन मानत नाही. आप्पांनी मला लहानपणापासून तेच शिकवलं. पण स्वतःचं असलं चित्र बघून आजारी माणसाचं मन खचलं तर? जरा अंगात बळ आल्यावर आप्पा एक दिवस माझ्या नकळत खाली उतरले अन् थेट त्या खोलीत गेले. मी मागून धावले. आप्पा कपाटापुढं उभे. आप्पांनी चित्र वर-खाली न्याहाळलं अन् म्हणाले, "मास्तर, कान लई मोठाले काढलेत."

"हायतच मोठे," मास्तर म्हणाले.

"अन् हा गाल असा बसका कावून? आता भरलाय की." आप्पांनी समोरची खुर्ची ओढली, टोपी नीट केली अन् बसले. "घ्या. काढा नीट."

आपल्याच पुण्यानुमोदनाचं चित्र काढून घ्यायला खुर्ची ओढून बसणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. मग ते रोजचंच झालं. आप्पा किस्से सांगायचे, मास्तर ओरडायचे, "तोंड हलवू नका ओ." गाल भरत गेला, तसा मास्तरांना तो बाहेर घ्यावा लागला. ते वैतागायचे. "आधी वाळायलेत म्हणून वाळंना, आता फुगायलेत म्हणून वाळंना. हे चित्र मला घिऊन जातंय." पण त्यांना इतकं खूश मी कधी बघितलं नव्हतं.

गोळ्या संपल्या, डॉक्टरांनी आप्पांना बरे झाले म्हणून सांगितलं अन् आप्पा गावी गेले. त्याला काही महिने झाले असतील. एका सकाळी मास्तर जुन्या चादरीत गुंडाळलेलं चित्र घेऊन माझ्या दारात आले. जिना चढून धाप लागलेली. "न्या. वाळलंय पक्कं," म्हणाले.

"आप्पा ठणठणीत आहेत मास्तर. आत्ताच कावून देताय?"

"आप्पाची घाई न्हाई. माझी हाय."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी त्यांच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. डोळ्यांखाली निळसर, ओठ फिके. मी म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता बीडला जाऊ, मी गाडी बघते. ते पायरीवर बसले. "गेलतो," म्हणाले. "आलोबी."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"आरशात दिसत होतं तेच म्हणले."

चित्र मी गावी आप्पांकडं पोचवलं, अन् त्यानंतर थोड्याच दिवसांत मास्तर गेले. सकाळी दूधवाल्यानं हाका मारल्या, दार उघडेना. मला वाटलं होतं, अजून वेळ असेल. त्यांना आणखी कुठं दाखवू, मोठ्या शहरात नेऊ, असं मी मनात ठरवत होते. तेवढ्यात सगळं संपलं.

पाटोद्याचा पुतण्या येऊन सगळं करत होता. भला माणूस. पण एवढ्या लोकांची चित्रं काढणाऱ्या मास्तरांचं स्वतःचं एकही चित्र घरात नव्हतं, धड फोटोही नव्हता. शेवटी पेन्शनच्या कागदावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात मास्तर असे दिसत होते, की कुणीतरी त्यांना चोरीच्या आळावरून चौकीत बसवलंय. पुण्यानुमोदनाच्या दिवशी टेबलावर तो फोटो, पुढं मेणबत्ती, फुलांचं ताट. आप्पा गावाहून परस्पर येणार होते. वंदना झाली, लोक फुलं वाहायला रांगेत लागले, अन् आप्पा आले ते बगलेत स्वतःचं चित्र घेऊनच.

मला वाटलं, मास्तरांची आठवण म्हणून लोकांना दाखवायला आणलं असेल. आप्पा सरळ टेबलापाशी गेले अन् ते चित्र त्यांनी मास्तरांच्या फोटोशेजारी उभं केलं. रांगेतल्या बाहेरगावच्या बायकांना काय माहीत. त्यांनी एक फूल मास्तरांना वाहिलं अन् एक माझ्या बापाला. बघता बघता आप्पांच्या चित्रापुढं फुलांचा ढीग झाला. माझ्या शेजारची बाई हळू आवाजात म्हणाली, "हे दुसरे कधी गेले?" आणि ते दुसरे तिच्या मागंच उभे होते.

मी रांग मोडून पुढं गेले अन् चित्र उचलायला हात घातला. आप्पांनी माझं मनगट धरलं.

"आप्पा, काढा ते. मला बघवत नाही."

"राहू दे गं," आप्पा म्हणाले. "मी जायचा होतो, तवा त्यांनी माझ्यासाठी काढलं. मी ऱ्हायलो, अन् ते गेले. आता आजच्या दिवस त्यांना वापरू दे."

मग त्यांनी माझं मनगट सोडलं, ताटातलं फूल घेतलं, स्वतःच्याच चित्रापुढं ठेवलं अन् हात जोडून मास्तर मास्तर म्हणत ते रडायला लागले.